पावसाळ्यात किनाऱ्यावर पडलेले पक्षी : मदत पोचेपर्यंत वाड्यावर काय करायचे?

शापोराकाठ :

नमस्कार. गोव्यातल्या मांद्रे-मोरजी भागातल्या आमच्या वाड्यावर जखमी पक्ष्यांसाठी मुलामुलींचा एक गट तयार होतो आहे. उपचार आपण करायचे नाहीत हे ठरलेले आहे. पण वन खात्याला फोन केल्यापासून त्यांचा माणूस किंवा स्वयंसेवक पेडण्यात पोचेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात, आणि पुष्कळदा पक्षी तेवढ्यातच हातचा जातो. कुणी चमच्याने पाणी पाजते, कुणी दूध-पाव भरवते, समुद्री पक्षी असला तर कुणी उचलून परत लाटांत सोडते. तेव्हा या दोन तासांत नेमके काय करायचे आणि काय अजिबात करायचे नाही? तंगूसात, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यात, अडकलेल्या बगळ्याचे काय? आणि जे स्वयंसेवक रात्री-अपरात्री येतात, त्यांना आमच्यासारख्यांचा खरा उपयोग कसा होईल?

पंखपट्टी :

आधी पाण्याचे सांगतो, कारण पुष्कळ पक्षी त्यानेच जातात. चोचीत पाणी घालू नका, एक थेंबही नाही. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. अर्धवट शुद्धीतला पक्षी ते मिटू शकत नाही आणि आपण ओतलेले पाणी सरळ फुफ्फुसांत उतरते. मग तो जागेवर जातो, नाहीतर दोन-तीन दिवसांनी न्यूमोनियाने जातो. दूध तर नकोच, ते पक्ष्यांना पचत नाही. भात, पाव, ग्लुकोज काहीही नको. गारठलेल्या पक्ष्याची पचनक्रिया जवळजवळ थांबलेली असते, पोटात गेलेले तसेच पडून राहते. दोन तासांच्या उपासाने मोठा पक्षी सहसा मरत नाही. मरतो तो भीतीने, थंडीने आणि हाताळणीने.

म्हणून खोका. पक्ष्यापेक्षा जेमतेम मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या. भोके पक्षी ठेवण्याआधी पाडायची, खालच्या भागात आणि आतून बाहेर, म्हणजे पुठ्ठ्याच्या कडा आत टोचत नाहीत. तळाला वर्तमानपत्र आणि त्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा. नुसत्या कागदावर पाय घसरतात, आणि टॉवेलच्या फाशांत नखे अडकतात. तारेचा पिंजरा वापरू नका. पक्षी आत फडफडतो आणि उडायची पिसे मोडतात. मोडलेले पीस पुढच्या पिसझडीपर्यंत नवे येत नाही, म्हणजे एरवी आठवड्यात सुटणारा पक्षी कित्येक महिने अडकतो.

पकडताना मागून जा, अंगावर कापड टाका, डोके झाकले की तो निम्मा शांत होतो. पंख अंगालगत मिटवून धरा, पण छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड हलले तरच हवा आत-बाहेर होते. घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो, आणि लोकांना वाटते भीतीने गेला. घार आणि घुबड यांचे पाय आधी ताब्यात घ्या, इजा नखांनीच होते. बगळा आणि पाणकावळा यांची चोच सांभाळा. बगळा थेट डोळ्यावर मारतो, तेव्हा चष्मा हवाच.

भिजलेला, पिसे फुलवून बसलेला पक्षी असेल तर प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. नको असेल तर त्याला दूर सरकता आले पाहिजे. पण एप्रिल-मे महिन्यांत चोच उघडी टाकून धापा टाकणारा पक्षी उन्हाने कासावीस झालेला असतो. त्याला बाटली नको, सावली आणि वारा द्या, पाय ओल्या कापडाने गार करा. डोक्याला मार असेल तरीही ऊब नको.

झाकण लावले की पुन्हा उघडायचे नाही. फोटो पहिल्यांदाच, एक, फ्लॅशशिवाय. कायद्याचेही सांगून ठेवतो : १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९व्या कलमानुसार असा प्राणी ताब्यात आला की ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. फोनबरोबर वेळ, जागा आणि फोटो लेखी संदेशाने पाठवत जा, नोंद राहते.

वादळपाखरू :

समुद्री पक्ष्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. जून-जुलैच्या वाऱ्यात आपल्याकडे बूबी, शिअरवॉटर, सुरय, कधी पाकोळीएवढे स्टॉर्म पेट्रेल वाळूवर येते. किनाऱ्यावर एरवीही बसणारे सुरय वगळले, तर हे पक्षी वीण सोडून जमिनीवर सहसा उतरत नाहीत. असा पक्षी वाळूवर आला की तो बहुधा थकून खंगलेला असतो. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा : दोन्ही बाजूंचे मांस उतरून हाड धारेसारखे लागले, तर त्या पक्ष्यात उडायची ताकद उरलेली नाही. त्याला लाटांत सोडणे म्हणजे बुडवणे. 'समुद्राचा पक्षी समुद्रात' हे ऐकायला बरे वाटते, पण हे पक्षी त्यानेच मरतात.

पाण्याच्या टबातही ठेवू नका. पिसांवरचा जलरोधकपणा गेला असेल तर तो तिथेच भिजून गारठतो. खोक्यात कापडाची जाड चुंबळ करून तिच्यावर छाती टेकेल असे बसवा. हे पक्षी कठीण जमिनीवर दिवसभर बसले की छातीच्या हाडावर जखमा होतात, आणि त्या भरायला फार वेळ घेतात.

आणि एक, हे नीट लक्षात ठेवा. बगळ्याची चोच आवरायला काहीजण रबरबँड लावतात. बूबी आणि पाणकावळा यांना बाहेरच्या नाकपुड्या नसतात, ते चोचीच्या कडेने श्वास घेतात. त्यांच्या चोचीला बँड किंवा टेप लावला तर काही मिनिटांत मरतात. खरे तर कुठल्याच पक्ष्याला लावू नये.

मेअखेरीपासून किनाऱ्यावर डांबरगोळे येतात. पिसांना डांबर लागलेला पक्षी लगेच धुवायला घेऊ नका. धुणे हा मोठा ताण आहे, आधी पक्षी सावरावा लागतो. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी कातडी भाजते. कापडात सैल गुंडाळा, म्हणजे तो पिसे चोचीने साफ करताना डांबर गिळणार नाही. खाद्यतेलाने डांबर मऊ करून मग भांडी घासायच्या द्रवाने धुतात, पण ते शिकलेल्या हातांचे काम.

किनाऱ्यावर असाल तर 'दृष्टी' या कंपनीच्या जीवरक्षकांना सांगा. आणि त्याहून आधी, एकजण पक्ष्यापाशी उभा राहून कावळे आणि कुत्रे लांब ठेवू दे. वाळूवरच्या पक्ष्याला तीच पहिली मदत.

खाजनातला :

तंगूसाबद्दल. ओढायचा नाही, उलगडायचाही नाही. दोन्ही बाजूंनी कापून पक्षी झाडापासून किंवा खुंटापासून सोडवा, अंगावरचे वेढे डॉक्टरांसाठी राहू द्या. चोचीतून तंगूस बाहेर येत असेल तर आत गळ असणार. ओढलात तर अन्ननलिका फाटेल. आखूड कापलात तर पक्षी तो गिळून टाकतो आणि गळ शोधायचा धागाच जातो. वीतभर बाहेर ठेवून मानेशी कागदी टेपने अलगद चिकटवा. सेलोटेप नको, पिसे उपटतो.

वेढे सुटल्यावर बगळा टुणकन उभा राहतो आणि लोक टाळ्या वाजवून सोडून देतात. तेवढे करू नका. तंगूसाने रक्त अडलेला पाय किंवा पंख पहिल्या दिवशी ठीक दिसतो आणि नंतर काळा पडत जातो. निदान दोन-तीन दिवस देखरेख लागते. बगळ्यांचे पाय लांब, ते दुमडून छोट्या खोक्यात कोंबू नका. उभा राहील एवढी उंची द्या.

मांजराने धरलेला पक्षी, जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला पाहिजे. मांजराच्या दातांचे भोक सुईएवढे असते, पिसांखाली दिसत नाही, पण लाळेतल्या जिवाणूंनी पक्षी एक-दोन दिवसांत जातो. प्रतिजैविक वेळेत मिळाले तरच वाचतो. अशा पक्ष्याला 'बरा दिसतोय' म्हणून सोडू नये.

काचेवर आदळलेला मात्र पुष्कळदा सावरतो. पाऊस सरताना नवरंग रात्री प्रवास करत येतात आणि उजेडाच्या काचांवर आपटतात. काळोख्या खोक्यात तास-दोन तास ठेवा, मग दिवस असेल तर बाहेर नेऊन झाकण उघडा. हवेत उडवू नका. एक पंख लोंबत असेल, चोचीत रक्त असेल किंवा दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील, तर सोडायचा नाही.

शापोराकाठ :

सर्वांचे आभार, हे छापून वाड्यावर लावतो. एक राहिले : माड पाडताना ढोलीतून घुबडाची पिल्ले पडतात. आणि मार्चपासून बुलबुल, दयाळ यांची पिल्ले तर रोजच कुणीतरी घेऊन येते.

पंखपट्टी :

रोज येणारी बहुतेक पिल्ले उचलायचीच नसतात. पिसे आलेली, आखूड शेपटीची, टुणटुण उड्या मारणारी पिल्ले उडायला शिकत असतात आणि आईबाप जवळच असतात. मांजर बांधा, पिल्लू झुडपात उंचावर ठेवा, लांब जा. उघडे, पिसे नसलेले पिल्लू घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. घरटे मोडले असेल तर तळाला भोके असलेली लहान टोपली, आत सुके गवत, जुन्या जागेच्या शक्य तितकी जवळ बांधा आणि तास-दोन तास दुरून पाहा. कुणी भरवायला आलेच नाही तर फोन.

गव्हाणी घुबडाची पिल्ले लहानमोठी असतात, कारण अंडी एकेक दिवस सोडून फुटतात. त्यांना वेगळे करू नका. वन खात्याला विचारून जवळच्या झाडावर किंवा भिंतीवर तीन-चार मीटर उंचीवर लाकडी खोका लावता येतो : साधारण ६० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच, तोंड १५ सेंमीचे. जखम नसेल तर त्याच संध्याकाळी पिल्ले आत ठेवा. आईबाप अंधार पडल्यावर आवाजाच्या रोखाने येतात. पाडेल्याला, म्हणजे माडावर चढणाऱ्याला, सांगून ठेवा की माड पाडण्याआधी ढोली बघायची, आत पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत काम पुढे ढकलायचे.

हळदवणी :

स्वयंसेवकांविषयी कुणी लिहिले नाही, ते मी लिहिते. यातले बहुतेकजण नोकरी सांभाळून, स्वतःच्या पेट्रोलवर फिरतात. पेडण्याहून काणकोणपर्यंत गोवा लहान वाटतो, पण रात्री पावसात एका पक्ष्यासाठी जाऊन-येऊन अर्धी रात्र जाते. सर्वांत मोठी मदत म्हणजे अर्धा रस्ता तुम्ही आणणे. गटातल्या चार वाहनवाल्यांची वारांनुसार पाळी लावा आणि खोका म्हापशापर्यंत पोचवा. अर्थात निघण्याआधी वन खात्याला सांगून. स्कूटरवर खोका पायांशी पट्ट्याने बांधा. गाडीत संगीत बंद, एसीचा झोत खोक्यावर नको.

फोन करताना चार गोष्टी एका दमात सांगा : नेमकी जागा नकाशावरच्या खुणेसह, पक्षी कधी सापडला, काय दिसते, आणि तुम्ही त्याला काय केले. पाणी पाजले असेल तर तेही सांगा. लपवलेत तर उपचार चुकीच्या दिशेने जातो.

वस्तू द्यायच्या तर विचारून द्या. वर्तमानपत्रे, जुन्या सुती चादरी, घडी करता येणारे खोके, जाड चामडी हातमोजे, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा हे नेहमी लागते. औषधाचा प्रत्येक डोस वजनावर ठरतो, म्हणून काटा फार मोलाचा. बियांची पाकिटे आणि टॉवेल पडून राहतात. एक्स-रे आणि औषधांचे पैसे द्यायचे असतील तर थेट दवाखान्याच्या खात्यावर भरा.

मासे देणार असाल तर तारले किंवा बांगडे ताजे, बिनमिठाचे, लहान. सांगट (शिंगाळा) नको, काटा घशात अडकतो. फ्रीझरमधले मासे जास्त दिवस चालले तर पक्ष्यांना बी-१ जीवनसत्त्व (थायमिन) कमी पडते आणि मान वाकडी होते, झटके येतात. म्हणून केंद्रावर माशांच्या किलोमागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन घालतात. त्या गोळ्यांची पट्टी माशांबरोबर दिलीत तर फार बरे.

आणि एकाच ठिकाणी चार-पाच कावळे किंवा बगळे मेलेले दिसले तर बर्ड फ्लू असू शकतो, म्हणून हात लावू नका, खोका नको, वाहतूकही नको. पशुसंवर्धन खाते आणि वन खाते, दोघांना कळवा. घरी कोंबड्या असतील तर तिथे फिरलेल्या चपला बाहेरच ठेवून साबणाने धुवा.