मदत हवी आहे: मुलीने सतराव्या वर्षीच प्रो गोल्फर व्हावं का?

माझी लेक १७ वर्षांची, पुण्यात खेळते, हँडिकॅप १ (हा आकडा जितका कमी, तितका खेळ चांगला). बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. चार वर्षं ज्युनिअर आणि अमॅच्युअर स्पर्धा खेळतेय. ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) सुरेख आहे, पण स्पर्धेत चार फुटांचे पट (बॉल होलमध्ये ढकलायचे हलके फटके) चुकतात. म्हणून रोज होलभोवती गोलात आठ टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवते आणि आठही पट लागोपाठ आत जाईपर्यंत घरी येत नाही.

तिला आत्ताच प्रो व्हायचंय. डोळ्यांसमोर भारताची गोल्फर अदिती अशोक: डिसेंबर २०१५ मध्ये महिलांच्या युरोपियन टूरची (प्रो स्पर्धांच्या मालिकेची) पात्रता स्पर्धा जिंकून ती १७व्या वर्षी प्रो झाली आणि २०१६ मध्येच इंडियन ओपन जिंकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचं पदक एका फटक्याने हुकलं, तेव्हा आम्ही पहाटेपासून टीव्हीसमोर होतो. पण अदिती तेव्हाच युरोपात जिंकत होती, आमची अजून तिथे पोचलेली नाही.

दुसरा मार्ग अमेरिकेतल्या कॉलेजची गोल्फ स्कॉलरशिप. दोन कोचना विचारलं, उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आली. अमॅच्युअरच्या बक्षिसाची १००० डॉलरची मर्यादा आम्हाला माहीत आहे, तिने पैसे कधीच घेतलेले नाहीत. वर्षाला १२ लाखांपलीकडे खर्च झेपणार नाही. प्रायोजक नाही.

ज्यांच्या मुली यातून गेल्या आहेत त्यांनी सांगा: देशातल्या महिला प्रो टूरवर कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस), प्रवास, राहणं धरून एका मोसमाचा खरा खर्च किती येतो? आणि तिथे अमॅच्युअर म्हणून खेळली, तर अमेरिकन कॉलेजच्या प्रवेशाला अडचण येते का?