प्रतिसाद: मुरूड-कर्दे, डुंबण्यापलीकडे

दापोलीकडे मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर पाण्यात डुंबून झाल्यावर काय करायचं, असं एकाने विचारलंय. हर्णै चुकवू नका! दुपार कलली की बंदरावर मासळीचा लिलाव सुरू होतो. सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग मांडलेले, पायाखाली बर्फाचं पाणी. चपला जुन्याच घाला. लिलावात नवख्याने तोंड घालू नये, बाजूला किरकोळ विकणाऱ्या मावश्यांशी घासाघीस करावी. तिथूनच होडीने सुवर्णदुर्ग हा समुद्रातला किल्ला बघा (पावसाळ्यात विसरा). आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा, वरून समुद्र झकास दिसतो. मार्चच्या आसपास गेलात तर आंजर्ले किंवा वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना बघता येतात; मात्र आधी फोन करून विचारा, पिल्लं आपल्या सुट्ट्या बघून बाहेर येत नाहीत. डॉल्फिन बघायचे तर सकाळी लवकर, नाहीतर नुसतीच होडीची रपेट.