मतकरींची आठवण लहान मुलांना कशी दाखवावी? सल्ला हवा आहे

पाचपाखाडीची आई
१७ नोव्हेंबरला रत्नाकर मतकरींचा जन्मदिवस असतो. त्या संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांसाठी छोटा कार्यक्रम करायचं मनात आहे. पाच ते अकरा वयाची पंधरा-वीस मुलं असतील. हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे.

मी त्यांची बालनाट्यं बघतच मोठी झाले. मे २०२० मध्ये ते करोनानं गेले तेव्हा टाळेबंदी होती. ना अंत्यदर्शन, ना सभा. जे काही झालं ते फोनच्या पडद्यावर. तेव्हाचे श्रद्धांजलीचे व्हिडिओ मी अजूनही अधूनमधून लावते. परवा मुलगी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "हे आजोबा कोण? सगळे एवढे गंभीर का आहेत?" तेव्हा वाटलं, हिला ते गेल्याचं तेवढं कळलं, ते काय करायचे ते कळलंच नाही. मुलांना नेमकं काय दाखवू?

चरईकर
ताई, श्रद्धांजलीचे व्हिडिओ मुलांना नकोत. त्यात पुरस्कार, कारकीर्द आणि "भरून न येणारी पोकळी" असतं. आपल्याला त्याची गरज होती. सात वर्षांच्या पोराला २०१८ च्या साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्काराचं काय?

चेटकिणीपासून सुरुवात करा. 'अलबत्या गलबत्या'त पूर्वी दिलीप प्रभावळकर चेटकीण व्हायचे, २०१८ च्या नव्या संचात वैभव मांगले झाले. दोघांचे फोटो किंवा छोटे तुकडे एकामागून एक लावा. ही बाई नसून काका आहेत हे मुलांना शेवटी सांगा. मग बघा किती प्रश्न येतात. आवाज कसा काढला? नाक खरं होतं का? त्या प्रश्नांतूनच "हे सगळं लिहिलं कोणी?" इथवर आपोआप याल.

कोपरखैरणेची बाई
मी प्राथमिक शाळेत शिकवते. चरईकरांशी अर्धीच सहमत. माणूस गेला हे मुलांपासून लपवायचं कारण नाही, मुलांना ते समजतं. फक्त तिथून सुरुवात नको आणि तिथं शेवटही नको. लहानपणी त्यांच्या नाटकात काम केलेलं, आता केस पिकलेलं कोणी बोलत असेल तर तेवढा दोन मिनिटांचा भाग मधे लावा. "हे आजोबासुद्धा तुमच्याएवढे असताना स्टेजवर होते" हे मुलांना फार भिडतं.

एकूण पडदा वीस मिनिटांच्या वर नको. पाच वर्षांची मुलं त्यानंतर खुर्चीखाली असतात.

मानपाड्याहून
ठाण्यात बसून मतकरींची आठवण काढायची आणि 'वंचितांचा रंगमंच' विसरायचा, हे मला पटणार नाही. समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनी इथल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ही चळवळ उभी केली. विषय मुलांच्या जगण्यातले, नाटिका मुलांनीच बसवायच्या. कोणी लिहून दिलेलं पाठ करायचं नाही. पंचाहत्तरी ओलांडलेला, एवढं नाव असलेला नाटककार त्या मुलांचं काम मन लावून बघायचा, त्यावर बोलायचा. १९६२ साली 'बालनाट्य' संस्था काढली तेव्हा ते बँकेत नोकरी करत होते, ती नोकरी १९७८ मध्ये सोडली. म्हणजे मुलांचं नाटक हे निवृत्तीनंतरचं समाजकार्य नव्हतं, उमेदीच्या वर्षांतलं काम होतं. हे मला त्यांच्याबद्दल सगळ्यात मोठं वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा की व्हिडिओ कमी आणि नाटक जास्त. मुलांचे चार गट करा. विषय त्यांच्याच दिवसातला द्या. लिफ्ट बंद पडली, शाळेची बस चुकली, वॉचमनकाका गावी गेले. पंधरा मिनिटं तयारी, तीन मिनिटं सादरीकरण. पडदे-पोशाख काही नको. मोठ्यांनी मधे संवाद सुचवायचे नाहीत, ही अट मात्र कडक ठेवा.

घणसोलीचा ध्वनीवाला
तांत्रिक गोष्टी. टाळेबंदीतले बरेचसे व्हिडिओ घरून फोनवर केलेले आहेत, आवाज घुमतो. हॉलमध्ये तो आणखी बिघडेल. प्रोजेक्टरच्या स्पीकरवर विसंबू नका, वेगळा स्पीकर आणा आणि रिकाम्या हॉलमध्ये आदल्या दिवशी लावून बघा. पूर्ण नाटकं कोणीतरी प्रेक्षागृहात बसून चोरून चित्रित केलेली सापडतील, ती टाळा. निर्मात्यांनी स्वतः टाकलेलेच तुकडे घ्या.

पाचपाखाडीची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवलंय: आधी दोन चेटकिणी, मग त्यांच्या नाटकातल्या एका जुन्या बालकलाकाराचं थोडं बोलणं, आणि उरलेला सगळा वेळ मुलांच्या नाटिका. मानपाड्याहून लिहिणाऱ्यांचं वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. ठाण्यात राहून मला हे काम नीट माहीत नव्हतं.

एक शंका. मोठ्या मुलांना 'निम्मा शिम्मा राक्षस'मधला एखादा प्रवेश करायचा असेल तर चालेल का?

चरईकर
वर्तुळात बसून मोठ्यानं वाचा, त्यात मजा आहे आणि अडचण काही नाही. लोकांना बोलावून प्रयोग करणार असाल तर मात्र आधी लेखकाच्या कुटुंबाकडून परवानगी घ्या, पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर संपर्काची माहिती असते. पुस्तकासाठी मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. दिवाळीच्या आधीच जा.