‘रिंगाण’च्या संथपणाबद्दल

कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ ही कादंबरी फार संथ आहे, पन्नास पानांतच सोडून दिली, असं एका वाचकांनी म्हटलंय. मला तर तो संथपणाच भावला. खोत धरणग्रस्तांची गोष्ट सांगतात ती मोर्चे-निवेदनांतून नाही, तर मागे राहून रानटी झालेल्या म्हशीला आणायला निघालेल्या माणसाच्या पावलांनी. ती वाट भरभर कशी उरकेल? (२०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणूनच मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातून आणली होती.) बोलीमुळे अडत असेल, तर काही पानं मोठ्याने वाचून बघा, मी तेच केलं. आम्हा पुणेकरांच्या नळाला पानशेत-वरसगाव धरणांचं पाणी येतं. तिथेही गावं बुडालीच की. वाचल्यापासून पिंप भरताना ती म्हैस डोळ्यांसमोर येते.