अनुभव धागा: लेकरांचा खेळ आणि दोरीबाहेरचे आपण

दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगावी कबड्डीचे सामने लागतात. आत पोरं खेळतात आणि दोरीबाहेर आईबाप त्यांच्यापेक्षा जोरात. लेकराच्या खेळासाठी तुम्ही काय केलं, किंवा तुमच्या घरच्यांनी काय केलं? उपदेश नको, घडलेलं लिहा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल.

कबड्डीवाल्याचा बाप, आर्वीकडचा
गावात ५५ किलो गटाचे सामने होते. माह्या पोट्ट्याचं वजन थोडं वर भरलं. टीमवाले घरी आले, "काका, याचं जेवण-पाणी बंद ठेवा, स्वेटर घालून पयवतो, बसते वजनात." मी म्हनलं, लेकरू हाय का ओला कापूस, वाळवून वजन उतरवाले? पाणी तोडलं की पायात गोळे येतात, चक्कर येते, अन् तशात चढाई करा म्हनता! नाही पाठवलं. पोट्टं लय रुसलं माह्यावर. पुढच्या सामन्याले वरच्या गटात उतरलं, पहिल्याच फेरीत हारलं, पण दोन पकडी अशा केल्या का टीमवालेच पाहत राह्यले.

पी.टी.चे सर, यवतमाळ जिल्हा
शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या. आमच्याकडे पालक येतात ते बहुधा दहावी जवळ आली की. "सर, याले जिल्ह्यावर न्या, मार्क भेटतात." सवलतीचे गुण २५ पर्यंत मिळू शकतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण ज्या घरात एवढाच हिशेब असतो, तिथलं पोरगं परीक्षेनंतर मैदानावर दिसत नाही. एका मुलीचे वडील मजुरीला जातात. खो-खोचे नियम त्यांना आजही येत नाहीत. पहाटे पोरीला एसटीपर्यंत सोडतात आणि मला एकच विचारतात, "वापस किती वाजता येते?" ती मुलगी अजून खेळते.

पोलीस भरतीची तयारी करणारी
मी ८०० मीटर पळते. सुरुवातीला गावात बोलणारे होतेच. आई सकाळी डांबरी रस्त्यावरच्या पुलावर येऊन बसायची, कोणाला काही उत्तर देत नव्हती. पाळीत पोट दुखलं तर तीच सरांना फोन लावून सांगायची, "आज ती येत नाही," कारणासकट. त्यामुळे मला कधी खोटं बोलावं लागलं नाही.

आजोबा, अमरावती जिल्हा
हे सगळे आताचे लाड. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, तिथं घडलेल्यांचे आईबाप काय रोज मैदानावर उभे राहत होते? पोरगं वस्तादच्या हवाली केलं की विषय संपला.

क्रिकेटवाल्याची आई, सावनेर तालुका
आजोबा, तेच तर म्हणतो आम्ही. एक वस्ताद रागावला तर पोरगं ऐकते. इथं वस्ताद, बाप, काका, मामा सगळेच ओरडतात, अन् प्रत्येकाचं वेगळं! आमच्याकडं प्रत्येक बापाच्या तोंडी उमेश यादव. तो वलनीच्या खाणकामगाराचा पोरगा, आमच्या बाजूचाच, म्हणून अभिमान आहेच. पण खांदा दुखतो म्हणणाऱ्या लेकराला त्याचं नाव सांगून गोलंदाजी करायला लावायची का? मी सरळ गोलंदाजी थांबवली, डॉक्टरला दाखवलं. तेवढ्या काळात तो व्हॉलीबॉलच्या पोरांचा स्कोअर लिहीत बसायचा.

नवीन पालक, मोर्शी
सगळं वाचलं. आमच्या पोरीचं धावणं आत्ताच सुरू झालं. कोणाकडे चार नंबरचे जुने स्पाईक पडले असतील तर सांगा, एसटीनं मागवून घेतो.