नीत्शे आणि आपला साधेपणा

संत्रीवाला: मागच्या महिन्यात ऑफिसात प्रमोशनची यादी लागली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी ज्युनिअर पोरगा वर गेला. संध्याकाळी शंकरनगरच्या टपरीवर मी सगळ्यांना ऐकवलं, "आपल्याला नाही बा जमत पुढंपुढं करणं. साधं राहावं." दोघातिघांनी माना डोलावल्या. घरी गाडी स्टँडवर लावताना मात्र त्याच पोराला मनात शिव्या घालून राहिलो होतो.

नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञानं १८८७ साली नीतीचं मूळ शोधताना नेमकं हेच पकडलं. दुबळ्याला सूड घेता येत नाही, मग तो नाइलाजालाच सद्गुण म्हणतो. भित्रेपणाला नम्रता, हात न उचलता येण्याला क्षमा. आतला आकस तसाच. माझं मत विचाराल तर आपल्या मध्यमवर्गीय सज्जनपणातला निम्मा माल हाच आहे.

इंदोऱ्याचा: यादी हुकली म्हणून कुढणं वेगळं आणि पिढ्यानपिढ्या पाणवठ्यावर चढू न दिलेल्या माणसाचा राग वेगळा. दोघांना एकच शब्द? हाच नीत्शे १८८८ मध्ये मनुस्मृतीचं फ्रेंच भाषांतर वाचून हरखला, बायबलहून ती वरची म्हणाला. बाबासाहेबांनी मनू आणि नीत्शेला शेजारी ठेवून तपासलं, तेव्हा त्यांना झरथुष्ट्र, म्हणजे नीत्शेच्या पुस्तकातला नायक, हे मनूचंच नवं नाव वाटलं. मालकांची नीती कशी असते, हे कळायला आमच्या आजीला जर्मन पुस्तक लागलं नाही.

तर्री_जास्त: राजेहो, एवढे तापून काहून राहिले? तो माणूस डोकेदुखीनं बेजार, १८७९ मध्येच बाझल विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून पेन्शनवर. तो ज्या 'शक्ती'बद्दल लिहितो ती म्हणजे दुसऱ्याच्या छाताडावर बसणं नव्हे, स्वतःवर मात करणं. घोळ केला त्याच्या बहिणीनं. त्याच्या वह्यांतली टिपणं जुळवून पुस्तक काढलं १९०१ मध्ये, तो मेल्यावर.

इंदोऱ्याचा: बहिणीवर किती ढकलाल भाऊ? मनूचं कौतुक त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय.

संत्रीवाला: मनूच्या बाबतीत बचाव नाही, मान्य. पण मनूचं कौतुक ज्या पुस्तकात आहे, त्याच 'अँटिक्राइस्ट'मध्ये तो बुद्धाला मानतो. वैरानं वैर शमत नाही, हे वचन देतो आणि सांगतो की बुद्धाचा सगळ्यात मोठा विरोध आकसालाच आहे. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर २२ प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, ती नवी मूल्यं घडवणंच नाही का? नीत्शेला हवं होतं ते!

इंदोऱ्याचा: बौद्ध धर्मही त्याला थकलेल्यांचाच वाटायचा, तेवढं बरं गाळलं. माझी आजी त्या दिवशी पांढरं लुगडं नेसून मैदानावर होती. घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव तिनं एकेक करून पिशवीत भरले, मागच्या विहिरीत सोडले आणि भाकरी थापायला बसली. कोणाला शिवी नाही, काही नाही. ती जागा वर्षभर रिकामीच होती म्हणे. यात नीत्शेला हवं होतं की नव्हतं, हा प्रश्न येतोच कुठून?

तर्री_जास्त: संत्रीवाले, ते राहू द्या. त्या पोराचं अभिनंदन केलं का?

संत्रीवाला: नाही अजून.