तीन खेळांसाठी एकच घड्याळ: पैसे मनगटावर घालायचे की छातीवर?

सोमेश्वरचा सायकलवाला:
रविवारी त्र्यंबकहून परतताना मिसळीवर आमच्या ग्रुपमध्ये वाद पेटला. तर्री दोनदा मागवून झाली तरी मिटला नाही, म्हणून इथे आणतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला पळायचंय, सायकल मारायचीय आणि पोहायचंही आहे, त्यानं तीस-चाळीस हजारांच्या घड्याळामागे लागू नये. साधं जीपीएस घड्याळ घ्यावं आणि वाचलेल्या पैशांतून हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्यावा.

हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. डिसेंबरात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर होतो. निफाडवाल्यांना हसू येईल, पण आमच्यासाठी ती थंडी कडाक्याचीच. अगदी रमतगमत पळत होतो, शेजारच्याशी यंदाच्या द्राक्षांच्या भावावर बोलत. घड्याळ थरथरलं. बघतो तर ठोके १७६! माझं वय ४३. २२० वजा वय केलं तर कमाल १७७. म्हणजे घड्याळाच्या मते मी शेवटच्या घटका मोजत होतो, आणि मी तर थॉमसन सीडलेसवर तावातावानं बोलत होतो. थांबून पडदा सरकवला. पावलांचा आकडा मिनिटाला १७६. घड्याळ माझं हृदय मोजतच नव्हतं, ते माझे पाय मोजत होतं.

मनगटावरचं घड्याळ हिरवा उजेड त्वचेत सोडतं आणि प्रत्येक ठोक्याला रक्त वाढलं की परत येणारा उजेड किती कमी झाला ते बघतं. थंडीत त्वचेतलं रक्त आटतं, ठोक्याचा खरा सिग्नल क्षीण होतो. हाताचा झोका मात्र जोरात आणि तालात चालूच. घड्याळ तोच पकडतं. पट्टा थेट हृदयाची वीज वाचतो, त्याला झोक्याशी देणंघेणं नाही. मग महागड्या घड्याळातही जर हाच हिरवा उजेड असेल, तर वरचे पैसे कशाचे?

ट्रान्झिशनमध्ये अडकलेला:
पट्ट्याबद्दल शंभर टक्के सहमत. साध्या घड्याळाबद्दल अजिबात नाही.

तुम्ही अजून तिन्ही खेळ सलग केलेले नाहीत असं दिसतंय. अर्ध्या आयर्नमॅनमध्ये १.९ किलोमीटर पोहून बाहेर येता, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ पळणं. तिन्ही खेळ सलग नोंदवणारा मल्टिस्पोर्ट मोड असेल तर ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे खेळ बदलताना, काम सोपं: पाण्यातून बाहेर आल्यावर एक बटण, सायकलवर बसल्यावर एक बटण, संपलं. साध्या घड्याळात पोहणं थांबवा, सेव्ह करा, यादीत सायकल शोधा, जीपीएस सापडेपर्यंत उभे राहा. तेही सुरकुतलेल्या ओल्या बोटांनी. मी पहिल्या स्पर्धेत टचस्क्रीन घेऊन गेलो होतो. घामाचा थेंब पडला की पडदा आपला आपण सरकायचा. सायकलची नोंद पंधरा किलोमीटरनंतर सुरू झाली.

नुसती किंमत बघून घेऊ नका, मोड बघा. गार्मिनच्या फोररनर ५५ मध्ये तिन्ही खेळ सलग नोंदवायची सोय नाही. नंतर आलेल्या १६५ मध्ये पडदा झकास आहे, पण हा मोड त्यातही नाही. २५५ मध्ये आहे, कोरोस पेस ३ मध्येही आहे. शिवाय पुढेमागे सायकलला पायडलवरचा जोर मोजणारं पॉवर मीटर लावलात तर ५५ आणि १६५ त्याच्याशी बोलत नाहीत. म्हणजे आज वाचवलेले पैसे दोन वर्षांनी दुप्पट जातात.

सोमेश्वरचा सायकलवाला:
वर्षात स्पर्धा किती करता? दोन? मग उरलेले ३६३ दिवस त्या बटणाचं काय करता?

ट्रान्झिशनमध्ये अडकलेला:
लग्नाची शेरवानीही एकदाच घालतात राव. आणि सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव दर पंधरवड्याला असतो, तिथेही तेच बटण लागतं.

पाण्यातली:
दोघेही पोहणं विसरलात. नेहमीसारखंच.

दादा, तुमचा पट्टा पाण्यात काय करतो ते सांगते. पट्टा घड्याळाशी ब्लूटूथ किंवा अँट प्लस या बिनतारी जोडणीनं बोलतो; दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्या लहरी पाणी गिळून टाकतं. त्यामुळे पोहताना पट्ट्याकडून घड्याळाला काही पोचत नाही. पट्ट्याला स्वतःची मेमरी हवी, तो ठोके साठवतो आणि बाहेर आल्यावर देतो. स्वस्तातला पट्टा घेतलात तर तलावात तो नुसता अलंकार. आणि पुरुषांचा पट्टा भिंतीला लाथ मारून निघताच पोटावर घसरतो. आमचा कॉश्च्युमखाली नीट बसतो, एवढं एक सुख आहे.

तलावात घड्याळ अंतर कसं मोजतं हेही समजून घ्या. तिथे जीपीएस बंद असतं. तलावाची लांबी तुम्ही सांगायची, हाताची चाल आणि भिंतीवरचं वळण यावरून ते फेऱ्या मोजतं. किकबोर्ड धरून नुसते पाय मारलेत तर हात हलत नाही, फेरी गेली बोंबलत. लांबी २५ च्या जागी ५० राहिली तर तुम्ही ऑलिंपिकला निघालातच म्हणून समजा.

उघड्या पाण्यात अजून मजा. प्रत्येक हाताला मनगट पाण्याखाली जातं आणि जीपीएस तुटतं. पिंपळगावला माहेरच्या शेततळ्यात मी सरळ रेषेत येरझाऱ्या घातल्या, नकाशावर लोकरीचा गुंता उमटला. दोन फेऱ्या तर शेजाऱ्याच्या द्राक्षबागेतून गेल्या होत्या. घड्याळ टोपीखाली डोक्यावर ठेवलं की रेषा बरीच सुधारते. मात्र खुल्या पाण्याचा वेगळा मोड घड्याळात असायलाच हवा, साध्यांत तो बहुतेक नसतो.

बागायतदार:
ताई, घड्याळ राहू द्या, शेततळ्यात एकट्या उतरू नका. तळाच्या प्लास्टिक कागदावर शेवाळ धरतं, उतारावर पाय ठरत नाही. चांगला पोहणाराही काठापर्यंत येतो आणि वर चढता येत नाही म्हणून बुडतो. आमच्याकडे चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडलेत.

पाण्यातली:
दोर आहेत काका, आणि भाऊ काठावर बसलेला असतो. पण बरं झालं लिहिलंत.

जुना खेळाडू:
हे सगळं वाचून करमणूक झाली. कविता राऊत सावरपाड्याच्या वाटांवर पळत मोठी झाली, २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणलं. लहानपणी तिच्या मनगटावर कोणता मोड होता? श्वास लागला तर हळू, बोलता येतंय तर ठीक. फुकटातलं यंत्र आहे, चार्जिंगही लागत नाही.

ट्रान्झिशनमध्ये अडकलेला:
काका, तिला विजेंदर सिंगांसारखे प्रशिक्षक होते. आम्हाला पहाटे पाचला फक्त गंगापूर रोडची कुत्री बघतात.

सोमेश्वरचा सायकलवाला:
काकांचा मुद्दा मात्र खोटा नाही. त्या दिवशी १७६ खरे की खोटे हे मला बोलता येत होतं म्हणूनच कळलं.

अंजनेरीचा कडा:
ठोके, ठोके, ठोके. जीपीएसवर कोणी बोलेल का?

तुमचं साधं घड्याळ कृषीनगरच्या ट्रॅकवर छान चालेल. ते घेऊन अंजनेरीला चला. कड्याला लागून वाट आहे तिथे उपग्रहाचा सिग्नल खडकावर आपटून उशिरा पोचतो आणि घड्याळ समजतं की तुम्ही लांब आहात. माझ्या जुन्या घड्याळानं मला दोनदा दरीत चालवलं. आता उपग्रहाच्या एल १ आणि एल ५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी वाचणारं आहे, आपटून आलेला सिग्नल त्याला बराच ओळखता येतो. उंचीचंही तेच. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर नसेल तर उपग्रहावरून काढलेली उंची उड्या मारत राहते. ज्याला डोंगर आहे त्यानं पट्ट्याआधी हे बघावं. नाशकात राहून डोंगर नाही म्हणणारा भेटला तर कळवा.

हो, बॅरोमीटरचं बारीक भोक घामाच्या मिठानं बुजतं. गोड्या पाण्यात धुवत जा.

आकडेमोड:
सोमेश्वरवाले, एक विचारू? पट्ट्यानं अचूक ठोके मिळाले, मग ते कशाशी ताडणार? त्या १७७ शीच ना? २२० वजा वय ही सरासरी आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. तुमची खरी कमाल १९० असेल तर घड्याळातले सगळे झोन, म्हणजे हळू ते जोरात असे ठोक्यांचे टप्पे, चुकीचे, पट्टा कितीही चांगला असो. आधी अर्धा तास एका लयीत, जमेल तितक्या जोरात पळा. शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी काढा आणि झोन त्यावरून लावा. छातीत कधी दुखलं असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल तर त्याआधी डॉक्टरांना विचारा.

सोमेश्वरचा सायकलवाला:
हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे त्या सकाळी ठोकेही खोटे होते आणि कमालही.

बरं. पट्टा सोडत नाही, पण मेमरीवाला घेईन, ताईंचं ऐकून. घड्याळाबाबत निम्मा हरलोय. कड्यामुळे आणि शेततळ्यामुळे, शेरवानीमुळे नाही. मागच्या पिढीतलं पण तिन्ही खेळांचा मोड असलेलं कोणी विकत असेल तर कळवा, बटणवालंच हवं. तोवर येत्या रविवारी सकाळी सहाला गोल्फ क्लब मैदानावर या. एका हातात माझं साधं, दुसऱ्या हातात ट्रान्झिशनवाल्यांचं महागडं, छातीला उसना पट्टा. अर्धा तास पळतो, ठोक्यांच्या तिन्ही रेषा इथे टाकतो.

पाण्यातली:
पट्ट्याची आतली बाजू ओली करून या. कोरडा बांधलात तर घाम येईपर्यंत तोही थापा मारतो.